नऊशे बारावी ओवी

करंजघाटाच्या कातळात खोदलेल्या त्या प्रयोगशाळेत शिरताना प्रत्येकाला तोंडावर जाड मुखपट्टी बांधावी लागे. तिथल्या श्वासवेध यंत्राला जिवंत माणसाचा उच्छ्वास खपत नसे. त्यामुळे २०६८ सालच्या मार्चमध्ये अविचल संप्रदायाचे मठाधिपती अच्युतबुवा आपली गादीची पोथी घेऊन आले, तेव्हा बोलून बोलून उभ्या महाराष्ट्राला परिचित झालेलं त्यांचं तोंड पहिल्यांदाच झाकलेलं दिसलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इंदुमती वाघचौरे यांना याची गंमत वाटली.

"बुवा, तुमच्या मठात विजेचा दिवा चालत नाही म्हणे. मग आमचं यंत्र कसं चाललं?"

"दिवा रोज लागतो, डॉक्टरीणबाई, त्याची सवय होते. साक्षीदार एकदाच बोलवायचा असतो." बुवांनी तितक्याच तत्परतेने परतफेड केली. "जग रोज बदलतंय. कुणीतरी न बदलता उभं राहायला नको?"

त्यांच्या मागे कावेरी सोनुले उभी होती. वय सव्वीस. तीनशे चाळीस वर्षांच्या त्या जीर्ण पोथीची नवी प्रत लिहिण्यासाठी मठाच्या विश्वस्तांनी खुली परीक्षा घेतली. कावेरीने अकराशे ओव्या तीनदा लिहून काढल्या, एका वेलांटीचीही चूक न करता. एकाही पुरुषाला ते जमलं नाही. पण बुवांनी नऊशे बारावी ओवी पुढे केली: 'स्त्रियेचा श्वास जया अक्षरीं । तें नव्हे पोथी निर्धारीं.' ओवी खरी असेल, तर कावेरी लिहिणार नव्हती आणि चाळीस गावांतल्या मुलींना पोथी लिहायला शिकवणाऱ्या पोथीशाळाही बंद होणार होत्या. ती ओवी मागाहून कुणीतरी घुसडली आहे, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं. शेवटी दोन्ही बाजूंनी लिहून दिलं की प्रयोगशाळा सांगेल ते मान्य.

"पण हे कळणार कसं?" कावेरीने विचारलं.

उत्तर दिलं डॉ. हमीद इनामदार यांनी. ते जनुकशास्त्रज्ञ होते, आणि समजावून सांगायची संधी ते कधी सोडत नसत. "तुमच्यात ओळ लिहून झाली की लेखक तिच्यावर फुंकर घालतो ना?"

"घालतो. त्याशिवाय ओळीत प्राण येत नाही."

"त्या फुंकरीबरोबर लाळेचे सूक्ष्म थेंब ओल्या शाईवर पडतात. शाईत असतो बाभळीचा डिंक. तो वाळतो आणि डिंकाच्या लाडवात खारीक अडकावी तसे हे थेंब आत अडकून बसतात. शतकानुशतकं! प्रत्येक थेंबात लेखकाच्या तोंडातल्या पेशी, पेशींत जनुकं. त्याला आम्ही श्वासमुद्रा म्हणतो. अकराशे ओव्यांवर एकच श्वासमुद्रा सापडली तर लेखक एक. नऊशे बारावीवर दुसरी सापडली तर घुसडणारा सापडला."

"एकच सापडेल," बुवा म्हणाले. "आमच्या संप्रदायात अक्षर खोडत नाहीत, गाळत नाहीत, वाढवतही नाहीत. जगात असा दुसरा ग्रंथ दाखवा!"

त्या आवाजातला अभिमान इंदुमतीबाईंनाही ऐकावासा वाटला. बुवांची मतं त्यांना काडीइतकी पटत नव्हती, पण हा माणूस लबाड नव्हता.

नवव्या दिवशी चौघे पुन्हा यंत्रापुढे जमले. हमीदच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सगळ्या ओव्यांवर एकच श्वासमुद्रा. फक्त नऊशे बारावी कोरी आहे! तिच्यावर फुंकरच नाही. म्हणजे ती घुसडलेली."

कावेरीने डोळे मिटून घेतले. हा निकाल इंदुमतीबाईंनाही हवा होता, अगदी मनापासून हवा होता. त्यांची स्वतःची आजी अशाच एका नियमापायी शाळेच्या पायरीवरून परत फिरली होती. तरीही त्या म्हणाल्या, "हमीद, शाई तपासलीस?"

हमीदने नकारार्थी मान हलवली.

"मी काल तपासली. शाईचा घाणा तोच आहे, म्हणजे एकाच वेळी घोटलेली शाई. बोरूचा कल तोच, दाब तोच. 'र' वळवताना होणारा हाताचा हलका कंप नऊशे अकरावीत आहे, बारावीत आहे आणि तेरावीतही आहे. लिहिणारा हात एकच. ओवी घुसडलेली नाही, बुवा. तुमचं खरं आहे."

बुवांनी हात जोडले. जिंकल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. "मी म्हणतच होतो."

"थांबा, अहवाल संपलेला नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्याच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं आहेत. आम्ही तीनदा पडताळलं. पोथीच्या शेवटी ज्याने 'लिखितं गुरुदासें' असं नाव घातलंय, तो गुरुदास बाई होती."

बुवांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आता पंचाईत बघा," हमीद हळूच म्हणाला. "नियम खरा मानला, तर ही पोथी पोथीच नाही. आणि पोथीच नाही, तर तिच्यातला नियम तरी कशाला पाळायचा?"

"गुरूंच्या मुखातून आलेली ओवी आहे ती!" बुवा कडाडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "या गुरुदासला ती गाळता आली असती. कुणाला कळलं असतं? नवी प्रत झाल्यावर आधीची तर रिवाजाप्रमाणे नदीत गेलेली." त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, त्या एकाच ओळीवर फुंकर का नसावी?"

"माहीत नाही. अहवालात तसंच लिहीन."

बुवांनी पडद्यावर ती ओळ मोठी करायला सांगितली. शाई जागच्या जागी साकळून, आपोआप सुकली होती. ते पडद्याजवळ वाकले. त्या क्षणी ते गप्प बसले असते, तर तिथल्या एकालाही काही कळलं नसतं.

"मी तरुणपणी बारा वर्षं लेखक होतो," ते म्हणाले. "गावोगावच्या प्रती लिहीत होतो. लेखकाला एक गोष्ट कानात सांगतात, ती कुठे लिहिलेली नाही. कावेरी, तुलाही ती कुणी सांगितली नसेल, कारण बाईच्या कानात ती सांगत नाहीत. हातून ओळ चुकली तर खोडायची नाही. गाळायची नाही. तिच्यावर फुंकर घालायची नाही, इतकंच. मग ती ओळ पोथीत असते, पण पोथीची नसते."

कावेरीने पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"मग या गुरुदासला हे कोण सांगणार होतं? म्हणजे तिच्या गुरूंनी, त्या वेळच्या मठाधिपतींनी स्वतः सांगितलं. ही बाई आहे हे ठाऊक असून सांगितलं." बुवांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मुखपट्टी भिजत होती, पण मान ताठ होती. "तिने स्वतःविरुद्धची ओळ न चुकता उतरवली. अक्षरन् अक्षर. आणि फुंकर नाही घातली. चाळीस वर्षं मी ही ओवी घसा फोडून सांगतोय, आणि पोथीतली हीच एक ओळ मेलेली आहे! पण अहो, अकराशे ओव्यांत एक चूक नाही बघा. आमच्या गादीवरची लेखक आहे ती."

त्यांनी अहवालावर सही केली आणि त्याखाली, कुणी न सांगता, लेखकाचा तो कानातला नियमही स्वच्छ अक्षरात लिहून दिला. मग पोथी उचलून कावेरीच्या हातात ठेवली. तीनशे चाळीस वर्षांत कुठल्याही मठाधिपतीने बाईच्या हातात ती दिली नव्हती.

कावेरीने ती छातीशी धरली. "बुवा, नऊशे बारावी लिहायची ना?"

"लिहायची. जशीच्या तशी."

"आणि फुंकर?"

बुवा दारापर्यंत गेले होते, ते मागे वळले.

"ते लेखकाने मठाधिपतीला विचारायचं नसतं," ते म्हणाले. "लेखकाने ठरवायचं असतं."