ओळख न दाखवता

विमानतळावरून थेट घरी आलेल्या नणंदेनं हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, तुला माहीत होतं?"

भांडी विसळणारा वहिनीचा हात थांबला. "हो," ती म्हणाली.

"आणि तरी तू रोज आमच्याबरोबर जेवत होतीस. मला निरोप द्यायला आलीस तेव्हा हसत होतीस..."

स्वतःच्या आईला कर्करोगानं नेल्यापासून वहिनी दर महिन्याला पगारातला ठरलेला वाटा कर्करुग्णांच्या एका मदत संस्थेला देत आली होती, आणि दर गुरुवारी औषधाच्या दुकानातून अर्धी रजा घेऊन रुग्णालयात जात होती, सलाइन लावून बसलेल्या माणसांमध्ये चहाची गाडी फिरवायला. तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, याची कोण मौज वाटायची. "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं," ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या संस्थेचा पहिला नियम असा, की कुणी ओळखीचं दिसलं तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही आणि तिथलं बाहेर बोलायचं नाही. आजार ज्याचा, तो सांगण्याचा हक्कही त्याचाच. हा नियम तिला फार सोपा वाटायचा. मग एका गुरुवारी खिडकीजवळच्या खुर्चीत, हाताला सुई लावून, वाचनालयात म्हणून घरातून निघालेले अण्णा दिसले...

अण्णांनी नजर खिडकीबाहेर वळवली. परक्याला विचारावं तसंच तिनं विचारलं, "काका, चहा देऊ?" त्यांनी मान हलवली, पण हात इतका थरथरत होता की चहा संपेपर्यंत तिनं पेला खालून धरून ठेवला.

पुढच्या गुरुवारी मात्र अण्णाच बोलले. "पोरीला एवढी शिष्यवृत्ती मिळालीय. ती विमानात बसेपर्यंत घरात अवाक्षर काढू नकोस. तुला माझी शपथ आहे. कळलं तर ती पाऊल उचलायची नाही."

"आणि ती गेल्यावर?"

"मग मी सांगेन ना."

लेक गेली, पण अण्णांचा धीर काही होईना. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता एका सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. रुग्णालयाच्या दारातच नर्स निष्पापपणे वहिनीच्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे तर आमचे गुरुवारचे काका. चहाच्या ताईंना कळवलंत का?"

त्या एका वाक्यानं तिचा संसार हादरला. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. "माझ्या बापाचं दुखणं तू तिऱ्हाइतासारखं बघत राहिलीस," असं म्हणून नवऱ्यानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. अण्णांच्या घशात नळी होती, ते बोलू शकत नव्हते. खरं सांगावं असं तिच्या कितीदा ओठांवर आलं! पण मग सगळ्यांचा राग त्या जर्जर जिवावर गेला असता, आणि माझ्या शिक्षणापायी अण्णा एकटे सोसत राहिले, ही वेदना नणंदेला जन्मभर पुरली असती. त्यापेक्षा दोष आपल्याच पदरात असलेला बरा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"कुणाला विचारून लपवलंस?" नणंदेचा आवाज चिरकला.

"माझं चुकलं," ती खाली मान घालून म्हणाली.

मागून नवऱ्याचा आवाज आला. "उद्यापासून ते गुरुवारचं बंद. पैसेही बंद."

तेवढ्यात आतल्या खोलीत खुर्ची सरकली. कालच घरी आलेले अण्णा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले, मागोमाग घाबरलेल्या सासूबाई. नळी काढल्यापासून त्यांच्या गळ्यातून नुसती हवा यायची, तिलाच त्यांनी कसेबसे शब्द जोडले.

"तिचं नाही... माझं चुकलं. मीच तिला शपथ घातली होती."

"पण का, अण्णा?"

लेकीच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना जमेना, आणि तिला उत्तर मिळालं.

"मी गेले नसते म्हणून," ती पुटपुटली. बॅग तिच्या हातातून गळून पडली. नवऱ्यानं पुढे होऊन अण्णांना खुर्चीत बसवलं. बायकोकडे बघण्याचं धैर्य मात्र त्याला होईना.

नणंद वहिनीजवळ गेली आणि तिचे ओले हात तिनं आपल्या हातांत घेतले.

"अण्णांजवळ तू होतीस," ती म्हणाली. "तुझ्याजवळ कोण होतं गं?"

हा प्रश्न आजवर तिला कुणीच विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही. "कुणी नाही" एवढंच म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडू लागली... सासूबाईंनी पुढे येऊन वाहता नळ बंद केला आणि तिला जवळ घेतलं.