डुरीची बोटं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, उर्श्ला जंगलाच्या आडोशाला, मोजणीच्या जागेवर, बर्फात खड्डा खणायला लागली. रात्री गोठलेला वरचा थर बुटांखाली कडकड वाजत होता. दहानंतर ऊन लागलं की याच बर्फाची लापशी व्हायची. रस्त्याच्या वरचा उतार सुटून खाली येईल की नाही, ते त्याआधी सांगायचं. हे तिचं काम. तिच्याआधी चाळीस वर्षं तिच्या बाबांनी, डुरीने केलेलं.

खाली, पुलाच्या अलीकडे, भाचा रिएत बर्फ उपसायचं यंत्र सुरू ठेवून बसला होता. वरच्या वाडीत, माहेरी, त्याची बायको बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. रस्ता नऊ दिवस बंद. लेकीचं तोंड त्याने अजून पाहिलं नव्हतं.

"आत्या, झालं का?" वॉकीटॉकी खरखरला. "का आजोबांसारखा खड्ड्यातच संसार मांडलायस?"

"गप बस. खणतेय."

तिला हसू आलं. थर हातानेच तपासायचा: मूठ शिरली तर अगदी मऊ, नाहीतर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. गवत कापायच्या यंत्रात बाबांची करंगळी गेलेली, म्हणून त्यांची चार बोटं तीनच भरत. तीन बोटं सहज आत जात, थर त्यांना कच्चा वाटे, आणि रस्ता दरवेळी एक दिवस जास्तच बंद राही. गाव त्यांना भित्रा म्हणे. छोट्या उर्श्लाचा हात बर्फाला लावून ते सांगत, "ढकलायचं नाही गं. नुसतं विचारायचं." गेल्या ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, ते दवाखान्यात वारले. तिला त्यांची फार आठवण येत होती.

गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या थराला तिने चार बोटं लावली. शिरेनात. एक बोट गेलं. म्हणजे रस्ता उघडायला हरकत नव्हती.

मग शेजारी तिला तीन भोकं दिसली. एका ओळीत, चिकटून.

तिने भिंत वीतभर आत कापली. तिथेही तीन. आणखी कापली.

तीनच. कडा ओल्या, ताज्या.

हा बर्फ जानेवारीतला होता.

तिने हातमोजा काढून आपली बोटं त्यांत घातली. लहानपणी बाबांचे हातमोजे व्हायचे, तशी ती भोकं तिला ढगळ झाली.

"आत्या, निघू ना?"

"नको. आज नाही."

"अगं, पाच दिवसांची झाली ती! थर कसा लागला, ते तरी सांग."

"चार बोटं गेली."

"खोटं बोलतेस."

"हो."

मग यंत्र बंद झाल्याचं ऐकू आलं.

दहाला पाच कमी असताना वरचा उतार सुटला. पूल, कठडा आणि वाडीकडचं वळण घेऊन नदीत गेला. उर्श्ला जंगलाच्या कडेने धावत खाली आली. रिएत तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. "तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. तिने त्याची पाठ चोळली.

घाईत खड्डा तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे थर गोठल्यावर ती तो बुजवायला गेली.

खड्डा बुजलेला होता. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा वरचा बर्फ हाताने थोपटून सारखा केलेला होता. फावडं तिच्याच खांद्यावर होतं.