आत्याच्या पाटीचे स्क्रीनशॉट

तो दुकानात शिरला तोच मुळी टॅबलेटला टिचक्या मारत. दर चार सेकंदांनी एक. बाळाने झोपावं म्हणून त्याला थोपटतात ना, तसं. फक्त हे बाळ झोपू नये म्हणून चाललं होतं.

"याची झेरॉक्स काढून द्याल का?"

तिने टॅबलेटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. निळा गणवेश, कोपरापर्यंत ग्रीस, भिजलेल्या मांजरासारखा चेहरा. झेरॉक्सच्या दुकानात बसून तिला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत लोकांनी पावाचा तुकडा, प्लास्टरमधला हात आणि एकदा जिवंत कासवही झेरॉक्स काढायला आणलं होतं. कासवाची छान आली होती. त्यामुळे ती सहसा दचकत नसे.

"असं नाही हो काढत. याचा आधी —"

तेवढ्यात मागे बाइंडिंग करत बसलेल्या बाबांनी तार मागितली. ती दोन क्षण वळली. वळून बघते तर या गृहस्थाने मशीनचं झाकण उघडून टॅबलेट काचेवर पालथा घातला होता, झाकण अदबीने लावलं होतं आणि हिरवं बटण दाबलं होतं.

कागद बाहेर आला. गरम, आणि काळाकुट्ट. मधोमध फक्त एका अंगठ्याचा ठसा.

त्याने घाईघाईने झाकण उचललं. टॅबलेट झोपला होता.

"गेलं," तो म्हणाला. "बारा मिनिटं जागा ठेवला होता हो, घरापासून इथपर्यंत."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. एकवीस दिवस एक शब्दही बोलायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. रोज काय दुखलं, काय गिळता आलं ते कागदावर फाइलला हवं. आत्याचे डोळे अधू, पेनाने लिहिलेलं तिला दिसत नाही. म्हणून त्याने टॅबलेटवर पाटीचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यावर ती बोटाने वितभर अक्षरं काढायची. अ‍ॅपला एकच खोड होती — टॅबलेट झोपला की पाटी पुसली जायची.

"मग स्क्रीनशॉट काढायचा ना," ती म्हणाली.

"काढला. आवाज बारीक झाला."

"म्हणजे?"

त्याने करून दाखवलं. आधी आवाज कमी करायचं बटण दाबलं. सोडलं. थांबला. स्क्रीनकडे रोखून पाहिलं. मग पॉवरचं बटण दाबलं. टॅबलेट पुन्हा झोपी गेला.

"अहो, दोन्ही एकदम दाबायची!"

"एकदम?" तिने जणू त्याला बँक लुटायला बोलावलं होतं. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्यात दोन बटणं एकदम दाबणाऱ्याला घरी पाठवतात. एक दाबायचं, थांबायचं, काय हलतंय बघायचं, मगच दुसरं. आठ वर्षं झाली... आता हे अंगठे माझं ऐकत नाहीत."

"बरं, मग असं करू. पॉवरचं तुम्ही धरा, आवाजाचं मी. तीन म्हटलं की दाबायचं."

टॅबलेट लहान होता. दोन्ही बटणं एकाच कडेला, बोटभर अंतरावर. त्यामुळे दोन डोकी जवळ आली... गरम कागदाचा वास आणि ग्रीसचा वास एकमेकांना भेटले.

"एक... दोन..."

त्याने दाबलं.

"तीनवर म्हटलं होतं ना!"

"चुकलं. घाई झाली."

"लिफ्टवाल्यांना घाई? लोकांना दारात ताटकळत ठेवणारे तुम्ही!"

"दारात उभं राहायला मला नाही कंटाळा येत," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या वेळी जमलं. खट् असा आवाज झाला, स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि चित्र आक्रसून कोपऱ्यात जाऊन बसलं. आत्याचं लिखाण केव्हाच पुसलेलं असल्याने तो कोऱ्या पाटीचा स्क्रीनशॉट होता. तरी दोघं त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू कुणी नवीन जन्माला आलंय. तिने तो छापूनही दिला.

"आपण आता कोरे कागद छापायला लागलो का?" बाबांनी विचारलं.

"नमुना आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा हजर. या वेळी टिचक्या नव्हत्या, छाती पुढे होती. त्याने एकट्याने काढला होता, चौदाव्या प्रयत्नात. तिने वायर जोडली. आत्याचं अक्षर बाहेर पडलं — घसा दुखतो. पाणी गिळलं. कालचं सगळं या गाढवाने पुसलं.

"शेवटची ओळ कापू का?" तिने विचारलं.

"नको. डॉक्टरांना पूर्ण माहिती हवी."

असा रोजचा परिपाठ झाला. कागद दुकानाच्या पाकिटात जायचे. पाकिटावर दुकानाचा नंबर. कागद सुकवायचे नसतात, पण तो ते सुकेपर्यंत थांबायचा. तेवढ्यात गप्पा व्हायच्या.

आत्या तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठे लागेल हे तिच्या तोंडून ऐकलं की लोकांना निम्मं पोहोचल्यासारखं वाटे. आईवडील गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं, आणि तेही त्याच आवाजात. "जेवण तयार आहे. सर्व प्रवाशांनी त्वरित ताटावर यावे." घरात प्रवासी एकच होता.

"आणि आता?" तिने विचारलं.

"आमचा फ्रिज एवढ्या मोठ्याने बोलतो, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आवाज येईलही... नाहीही."

तिने त्या दिवशी त्याला कागदांसोबत उगाचच एक प्लास्टिकचं फोल्डर दिलं. दुसरं काय द्यावं हे तिला सुचलं नाही.

बाराव्या दिवसाच्या कागदावर होतं — दुखणं कमी. भात गिळला. हा मुलगा हल्ली झेरॉक्सच्या दुकानातून येताना शीळ घालतो. काल केसांना तेल लावून लिफ्ट दुरुस्त करायला गेला. डॉक्टर, हे कशाचं लक्षण?

तिने कागद पाकिटात घातला. चेहरा मशीनसारखा ठेवला.

"तुम्ही... वाचता का हे?" त्याने विचारलं.

"छे हो. आम्ही फक्त छापतो."

"बरं झालं."

"तेल कुठलं वापरता?"

तो मागे सरकला आणि बाबांच्या बाइंडिंगच्या गठ्ठ्यावर बसला. सत्तेचाळीस वार्षिक अहवाल वाकले. बाबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग एक लांब उसासा टाकून अहवाल सरळ करायला घेतले.

दिवस मात्र एकेक करून सरकत होते. तिने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती रोज मोजत होती. सोळा. सतरा. एकवीस झाले की आत्या बोलेल, पाटी बंद होईल, स्क्रीनशॉट बंद, आणि ज्याच्या घरी छापण्यासारखं काही नाही त्याने झेरॉक्सच्या दुकानात कशाला यायचं? अठराव्या दिवशी कागद लावता लावता तिच्या मनात आलं, आवाज यायला अजून एखादा आठवडा लागला तर... आणि तिचा हात थबकला. जिला तिने पाहिलंही नाही, अशा म्हातारीच्या घशावर ती आपल्या संध्याकाळी मागत होती! त्या दिवशी ती त्याच्याशी धड बोललीच नाही. आपला आपल्यालाच राग आला की माणूस समोरच्याशी तुटक वागतो, त्यातला प्रकार.

एकोणिसाव्या दिवशी तो टॅबलेट देऊन समोर पाना आणायला गेला. "आजचे सगळे काढा," म्हणाला. तिने 'आजचे सगळे'वर बोट ठेवलं.

चार कागद आत्याचे आले. मशीन थांबलं नाही. पाचवा आला. त्यावर पाटी नव्हती. मेसेज लिहायची जागा होती, वर दुकानाचा नंबर होता, आणि खाली न पाठवलेला मजकूर. लिहिलेलं जपायचं म्हणजे स्क्रीनशॉट काढायचा, एवढंच या माणसाला शिकवलेलं. तिनेच शिकवलेलं. त्याने मेसेज लिहिले होते, जपले होते आणि पुसून टाकले होते.

पहिला — नमस्कार. आपण रोज भेटतो. सदर भेटी तांत्रिक कारणाने होत आहेत असे दिसते, परंतु तसे नाही.

दुसरा — तुम्ही हसलात की मी कुठल्या मजल्यावर आहे ते मला कळत नाही. माझ्या धंद्यात हे धोक्याचं आहे.

तिसरा — वरचं वाचू नका.

चौथा वाचताना ती खुर्चीवर बसली. आत्याचा आवाज यावा असं मनापासून वाटतं. पण आला की तुमच्याकडे यायला कारण उरणार नाही, आणि मग वाटतं, थोडा उशिरा आला तर... असं वाटणारा माणूस वाईट असतो का?

अजून तीन होते. त्यांत त्याने हवामानाबद्दल लिहिलं होतं.

बाहेर त्याची पावलं वाजली. हे छापून हातात दिलं तर हा शरमेने दुसऱ्या गावी राहायला जाईल, असं तिला वाटलं. सातही कागद तिने खणात सारले आणि त्याला आत्याचे चार तेवढे दिले. आपण फार समजूतदारपणे वागलो, असं तिला वाटलं. माणूस सर्वांत मोठे घोळ समजूतदारपणे वागूनच घालतो.

विसाव्या दिवशी तो आला, खाली मान घालून कागद घेतले आणि गेला. शीळ नाही, काही नाही.

एकविसाव्या दिवशी आलाच नाही. बाविसाव्या दिवशीही नाही. तेविसाव्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या जन्मदाखल्याच्या साठ प्रती काढल्या. त्याला सहा हव्या होत्या.

चोविसाव्या दिवशी दुपारी दुकानाचा फोन वाजला. पलीकडून आवाज आला — खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा, पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

"लक्ष द्या. लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा मुलगा तळ्यासमोरच्या सहा मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, साडेपाचपर्यंत उपलब्ध आहे. त्यानंतर तो घरी येऊन पुन्हा भिंतीकडे बघत बसेल. इच्छुकांनी वेळेत पोहोचावे. धन्यवाद."

"आत्या!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुमचा आवाज... आला?"

"अर्धाच आलाय. त्यातला निम्मा तुझ्यावर खर्च केला. पळ आता."

तिने खणातला एक कागद घेतला आणि ओढणी सावरत निघाली.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"लिफ्ट बघायला."

"आपलं दुकान तळमजल्यावर आहे."

"माहीत आहे, बाबा."

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. लिफ्टची पेटी अर्धवट वर चढून थांबलेली, आणि तो पेटीच्या टपावर उभा. त्यामुळे दाराच्या वरच्या कडेखाली त्याचे फक्त बूट दिसत होते. वरून पान्याचा आवाज येत होता.

"ऐकलं का," ती बुटांना म्हणाली.

पाना थांबला. एक बूट दुसऱ्या बुटावर चढला.

"तुम्ही?" वरून आवाज आला. "इथे कुणाला काही छापायचंय का?"

"दुकानात यायचं बंद का केलंत?"

"आत्या बोलायला लागली... कारण संपलं." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "आणि त्या दिवशी टॅबलेटमध्ये अकरा चित्रं होती. पाकिटात चार कागद निघाले. आम्हाला मोजायची सवय असते. म्हणजे तुम्ही सात वाचलेत."

"मशीनमधून बाहेर पडत होते. डोळे मिटून गोळा करू?"

"वाचलेत, आणि काहीच बोलला नाहीत. मी समजलो काय समजायचं ते."

"काय समजलात?"

"नाही म्हणून."

"अहो, मी नाही म्हणाले असते तर तुम्हाला ऐकू आलं असतं! तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून मी खणात लपवले. आणि तुम्ही तिकडे भिंतीकडे बघत बसलात!"

"भिंतीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घोषणा झाली."

बूट अगदी जवळजवळ उभे राहिले, वर्गात चुकलेल्या मुलासारखे.

तिने हातातला कागद उलगडला.

"चौथ्या कागदात एक प्रश्न होता," ती म्हणाली. "त्याचं उत्तर द्यायला आलेय."

"...काय?"

"असं वाटणारा माणूस वाईट असतो." तिचा आवाज खाली आला. "मी पण आहे. मीही अठराव्या दिवशी तेच मागत होते. आत्यांना सांगू नकोस."

मग टपावरचं बटण दाबल्याचा आवाज आला आणि लिफ्ट खाली यायला लागली. दुरुस्तीच्या वेळी ती मुद्दाम गोगलगायीच्या चालीने चालते. आधी गुडघे आले. मग पट्टा आणि त्याला अडकवलेले तीन पाने. मग शर्टाचं एक बटण, दुसरं बटण... एवढा सावकाश कुणी कुणाला कधी भेटला नसेल. ती उभी राहिली. हनुवटी आली. नाकावर ग्रीस आलं. शेवटी डोळे आले, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, आणि लिफ्ट थांबली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. एका दमात, एकदाही न पुसता. "उद्यापासून येऊ का? छापायला काही नसलं तरी?"

"ये," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने त्याच्या नाकावरचं ग्रीस पुसायला गेली. ते पुसलं गेलं नाही, गालभर पसरलं. तिला तेही बरं दिसतंय असं वाटलं. तिचा हात तिथेच राहिला... त्याने तो तसाच धरून ठेवला.

वरून, पाचव्या मजल्यावरून, कुणीतरी वैतागून ओरडलं, "अहो, झाली का लिफ्ट चालू?"

लिफ्ट तर दुरुस्त झाली होती. तो खरं सांगायला तोंड उघडणार, इतक्यात तिने जिन्याकडे मान वळवली.

"अजून वेळ लागेल, काका!"