सतरा नंबरचा बिल्ला

विश्वास ठेवा किंवा हसण्यावारी न्या, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या महिन्यात, मंगळवारी, भर दुपारी तीनला... आमच्या गावच्या संग्रहालयात.

संग्रहालय कसलं, दोन खोल्या! एकीत जुनी होडी. दुसरीत समुद्रातलं शेवाळ काढणाऱ्या बायकांचे विळे, टोपल्या आणि त्यांच्या बिल्ल्यांची फळी. तिथली साहेबीण मीच आणि झाडूवालीही मीच.

फळीची रीत सोपी होती. ओहोटीला खडकांवर जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढायचा, परतल्यावर लावायचा. शेवटचा बिल्ला लागेपर्यंत कुणीतरी काठावरून हाका मारत राहायचं.

सतरा नंबरचा खिळा चाळीस वर्षं रिकामा होता. तो माझ्या मावशीचा, आईच्या मोठ्या बहिणीचा.

ती परतलीच नाही.

आई रोज येऊन त्या खिळ्याकडे बघत बसायची, मधूनच "ताई गं" म्हणून हाक मारायची. मला ते बघवेना. तिच्या जिवाला एकदाची स्वस्थता मिळावी म्हणून मी किल्लीवाल्याकडून तसाच बिल्ला करून घेतला.

त्या दुपारी तो खिळ्याला लावला मात्र...

बाहेरच्या लाटांचा आवाज बंद झाला.

मग पावलं. ओली. चप्... चप्... दारापासून थेट माझ्या पाठीपर्यंत.

वळून पाहिलं. कोणी नाही. फरशी कोरडी ठणठणीत.

पण शेवाळाचा वास मात्र खोलीभर.

तेवढ्यात आई दारात आली. फळी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा कुणी लावला गं?"

"मी. तुझ्यासाठीच..."

"अगं, ती आली म्हणून सांगितलंस तू! आता तिला हाक कोण मारणार?"

माझी पाचावर धारण बसली. घाईघाईत मी बिल्ला ओढून काढला.

"काढू नकोस!" आई किंचाळली.

उशीर झाला होता. बिल्ला माझ्या हातात होता... ओलाचिंब. आणि ज्याने बिल्ला काढला, तो खडकांवर गेला, अशीच तर रीत.

मी तो लगेच परत लावला. पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

तेव्हापासून आई रोज ओहोटीला काठावर उभी राहते. मावशीला नाही, मला हाका मारते. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं असं. असेलही. पण मला झोप लागत नाही.

काल मी तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, "आई, अगं मी इथेच आहे. चल घरी."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"थांब गं, ताई," ती म्हणाली, "माझी पोर अजून आली नाही."