माळावरच्या पायघड्या

ही गोष्ट ऐकून मी एकदा हसलो होतो. आईनं तिथल्या तिथं कानाखाली वाजवली. गंमत असती तर वाजवली नसती, एवढंच सांगतो. हे घडलेलं आहे.

साल १९४६. मार्गशीर्ष महिना. आणि रात्र नाही... लख्ख दुपार.

बदनापूरच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याला एक माळ होता. डोंगरात जुना गड, गडाखाली जुनं गाव. ते बघायला निजामाच्या राज्यातले साहेब लोक यायचे. त्यांच्यासाठी माळावरचे धोंडे वेचून विमान उतरण्यापुरती पट्टी केलेली. एक पत्र्याची शेड, बास. गावातले लोक त्याला 'इमानतळ' म्हणायचे.

माझे आजोबा रखमाजी तिथं कामाला होते. विमान यायच्या आधी पट्टीवरची गुरं हाकलायची, मग साहेबांचं सामान वाहायचं.

त्या दिवाळीच्या सुमारास तिथं एक माणूस मेला होता.

कडूबा परीट.

कोणी बडा पाहुणा यायचा होता. पाटलानं विमानाच्या समोरच्या अंगाला मांडव घातला आणि कडूबाला पायघड्या घालायला लावल्या. धोतरं मोजकीच. पाहुणा पुढं सरकला की मागचं धोतर उचलायचं, पळत पुढं यायचं, परत अंथरायचं. कंबरेत वाकून, तोंड पाहुण्याकडं, उलट्या पावलांनी. परटाची रीतच ती.

पाहुणा उतरला. कडूबा मागं सरकत गेला... सरकत गेला...

विमानाच्या नाकापर्यंत.

पंखा फिरत होता.

फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. जन्मभर ओढ्यावर धुणं धुतलेल्या माणसाला हे सांगणार कोण? पाटील? त्याला तरी कुठं ठाऊक होतं!

एक ओला आवाज झाला. डोकं मांडवात लोकांच्या पायांत जाऊन पडलं. धड मात्र क्षणभर तसंच वाकलेलं राहिलं, हातात धोतर धरून.

त्यानंतर गुरं माळावर फिरकेनात. आजोबांना हाकलायला काही उरलं नाही.

आणि संध्याकाळी शेडमागून आवाज यायला लागला...

फट्.

फट्.

ओलं धोतर झटकावं तसा.

"वारा हाय," आजोबा म्हणायचे. पण वारा दाखवायची कापडी पिशवी खांबाला गप्प लोंबत असायची.

मग आईला कुत्रं चावलं.

आई तेव्हा नऊ वर्षांची. इंद्रायणी तिचं नाव. पिसाळलेल्या कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला. त्याच कुत्र्यानं आधी चावलेली म्हैस फेस गाळून, दावं तोडून मेली होती. पोरीचंही तेच होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. सुया मिळणार हैदराबादला.

आजोबांनी साहेबांना घेऊन आलेल्या पायलटचे पाय धरले. तो भला माणूस निघाला.

"लडकी को लेके आव. जल्दी! दिन डूबने के पहले पहुँचना है."

इंजिन बंद केलं की लवकर चालू व्हायचं नाही, म्हणून तो ते चालूच ठेवायचा. त्या दिवशीही चालूच होतं.

"इंद्रे, माह्या म्होरं चाल," आजोबा म्हणाले. "दार मागल्या अंगाला हाय. बराबर दाराकडंच जाय."

माझी आजी साळूबाई शेडपाशी उभी राहून बघत होती.

आई लंगडत निघाली. इंजिनाचा आवाज कान फोडत होता...

आणि एकदम थांबला. तिच्यापुरता.

सगळा माळ गप्प.

फट्...

पायाखाली गार लागलं. तिनं खाली पाहिलं. धोतर. पांढरं, नीळ दिलेलं, ओलं. पुढं एक माणूस कंबरेत वाकून दुसरं अंथरत होता, मागं सरकत होता.

"धनगराच्या पोरीला पायघड्या! मला लई गोड वाटलं रे," आई सांगायची. पायाचं दुखणंसुद्धा विसरली होती ती.

"या पाव्हणे... या..."

आवाज जमिनीलगत येत होता.

आजीला माणूस दिसला नाही. धोतर दिसलं नाही. पोरगी दार सोडून विमानाच्या नाकाकडं चाललेली दिसली... पाय जपून टाकत, तोऱ्यात.

"इंद्रेऽऽ!"

आजोबा गाठोडं टाकून पळाले. उजव्या हातात वेणी आली. त्यांनी तिला मागं फेकलं. तोल गेला, आणि डावा हात पुढं गेला...

कोपराखाली काही राहिलं नाही. रक्ताची चिळकांडी आईच्या डोळ्यांत, तोंडात. बोटं शेडच्या पत्र्यावर आदळली, गारा पडाव्यात तशी. आजीनं तो आवाज मरेपर्यंत ऐकला. पाऊस आला की कानात बोळे घालून बसायची.

पायलटनं पट्ट्यानं दंड आवळला, दोघांना आत कोंबलं आणि विमान उचललं.

माझी आई आभाळात गेली ती अशी. मांडीवर बापाचं डोकं, पायाखाली रक्ताचा चिखल.

आजोबांनी मध्येच डोळे उघडले.

"कुनाशी बोलू राह्यल्ती? मला तं तिथं कोनी दिसलं न्हाई."

"परटाशी, बा."

"तोंड पाह्यलं त्याचं?"

"न्हाई. मान खाली व्हती."

कडूबाच्या धडाला मान नव्हती, हे आजोबांनी स्वतः पाहिलं होतं.

"काय म्हनला तो?"

"म्हनला, तुह्या मागं कोन हाय?"

परीट हे विचारतोच. मागून आणखी कोणी मानाचं येत असेल तर धोतर उचलायचं नसतं. साधा कामाचा प्रश्न.

"मंग? तू काय सांगतलं?"

"म्या म्हनलं, माहा बा हाय."

आजोबा पुन्हा बोलले नाहीत. हैदराबाद यायच्या आत त्यांचं अंग गार पडलं.

आईला सुया मिळाल्या. ती जगली, म्हणून मी आहे. कडूबानं आजोबांना मानानं नेलं की डाव धरून नेलं, मला सांगता येत नाही. मी विचार करतो, आणि मग झोप लागत नाही.

पण एक सांगतो.

मी लहान असताना जत्रेत, एसटीत, दवाखान्यात कोणी ना कोणी आईला सहज विचारायचं, "बाई, संगं कोन हाय?"

मी तिच्या कडेवर असायचो.

"कोनी न्हाई," आई म्हणायची. "एकलीच हाय."

मी रडायला लागलो की ती पदरानं माझं तोंड घट्ट दाबून धरायची.