डबा कुणी उघडला?

निळा डबा स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म्सच्या बर्फाळ डोंगरांतून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचा आणि आतलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्येच ठेवायचं. मोहीम एवढीच! पण एवढ्याशा कामावर उर्वीची सगळी मदार होती. लंडनजवळच्या पिनरमध्ये जन्मलेल्या आणि एडिनबरात सार्वजनिक आरोग्याचं संशोधन करणाऱ्या या मुलीनं लशींच्या त्या डब्यासाठी तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. आफ्रिकेतल्या मलावीच्या डोंगरी गावांत परिचारिका लशी पाठीवर घेऊन तासन्‌तास चालतात. उन्हात लस खराब होते आणि गारठ्यात गोठली तरीही खराबच होते. उन्हाच्या परीक्षेत, प्रयोगशाळेतल्या तापवलेल्या खोलीत, डबा पास झाला होता. आता उरली होती थंडी, ओल आणि आदळआपट. पास झाला तर जूनमध्ये असे डबे मलावीला जाणार. नापास झाला तर प्रकल्पाला टाळं आणि उर्वी घरी!

सोबत दोघं होते. एक अपूर्व, पुण्याहून आलेला इंजिनिअर. डब्याचा तापमापक त्यानं बनवलेला, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुसरा डॉक्टर चिकोंडी फिरी, मलावीच्या त्याच डोंगरांत वर्षानुवर्षं काम केलेला, उंचापुरा, मोजकं बोलणारा. डबा बहुतेक वेळ त्याच्याच पाठीवर असे.

दोन दिवस सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं. डब्याच्या छोट्या काचेत आकडा पाचावर ठाम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उर्वीनं काचेवरचं दव पुसलं आणि पुन्हा वाकून पाहिलं. आकडा तीनवर उतरला होता!

तिनं झाकणावरून बोट फिरवलं. कडेची चिकटपट्टी सुरकुतली होती. कुणीतरी ती काढून पुन्हा चिकटवली होती. आणि नियम तर साफ होता, मुक्कामी पोचेपर्यंत डबा उघडायचा नाही.

चिकोंडी डबा पाठीला लावून पुढे निघाला, तसं तिनं अपूर्वला मागे खेचलं आणि मराठीत हळूच विचारलं, "डबा तू उघडलास?"

"मी? वेड लागलंय का मला!"

"मग who else?"

अपूर्वनं नुसत्या भुवया उडवून पुढच्या पाठीकडे पाहिलं. "मला पहिल्यापासून वाटतंय, कुठंतरी पाणी मुरतंय. चिकोंडी मीटिंगमध्ये काय म्हणाला आठवतं ना? आधी नर्स द्या, मोटरसायकलींना पेट्रोल द्या, मग डबे."

"पण त्याच्याच लोकांसाठी करतोय ना आपण हे!"

"तेच तर! चिकोंडीला हा प्रकल्पच पाडायचाय, बघ तू."

पुढची पाठ क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

संशय एकदा मनात शिरला की साधी गोष्टही वाकडी दिसते. चिकोंडी मागे वळला की उर्वीला वाटे, हा आपल्यावर नजर ठेवतोय. तो गप्प राहिला की वाटे, मनात काहीतरी शिजतंय. आणि हा माणूस दर थांब्याला "आलोच" म्हणून आडोशाला का जातो? तेही डबा पाठीवरून न उतरवता!

दुपारी धुकं उतरलं. खिंडीपलीकडे मेंढ्यांसाठी रचलेला एक जुना दगडी गोठा होता. चिकोंडी त्याच्यामागे गेला. उर्वी पाय न वाजवता त्याच्या पाठोपाठ गेली, आणि बघते तर काय! डबा गुडघ्यावर, झाकण सताड उघडं, हातात लशीची कुपी!

"चिकोंडी!"

तो दचकला. "उर्वी, मी सांगतो. ऐक तरी."

"काही ऐकायचं नाहीये मला. डबा इकडे दे!"

तिनं डबा हिसकावला, कुपी आत टाकून झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वतःच्या पाठीवर बांधला. काचेत आकडा दोनावर आला होता.

खाली नदी वितळलेल्या बर्फानं फुगली होती. चिकोंडी म्हणाला, "इथून नको. वरच्या अंगाला पूल आहे, तासाभराचा वळसा पडेल."

तासभर! तेवढ्यात डबा पार गोठेल, आणि ह्याला हेच तर हवंय, असं उर्वीला वाटलं. ती थेट पाण्यात उतरली.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग कमरेपर्यंत. पायाखालचा धोंडा सरकला. उर्वी कोसळली! बर्फगार पाणी नाकातोंडात गेलं. डबा प्रवाहात ओढला जात होता आणि त्याचा पट्टा तिला खाली खेचत होता. चिकोंडीनं उडी घेतली. त्याचा हात तिच्या खांद्याशी आला. खट्! पट्टा सुटला. डबा वाहून गेला!

काठावर पडल्या पडल्या ती किंचाळली, "मुद्दाम सोडलास तू! माझा डबा!"

चिकोंडी धापा टाकत होता.

खालच्या वळणावर डबा एका पडलेल्या झाडाला अडकला. अपूर्वनं पोटावर झोपून चालायच्या काठीनं तो ओढून काढला, आणि तिघं कुडकुडत बॉथीत, म्हणजे वाटसरूंसाठी उघड्या असलेल्या डोंगरातल्या झोपडीत, शिरले. कोरडे कपडे घालून झाले, चूल पेटली. मग उर्वीनं डबा उघडला. आत पाणी डुचमळत होतं.

"झाकण तर घट्ट लावलेलं होतं! मी स्वतः लावलं होतं!"

चिकोंडीनं झाकणाच्या कडेचं रबर अंगठ्यानं दाबलं. ते दबलंच नाही. थंडीनं टणक झालं होतं आणि दोन ठिकाणी चिरलं होतं.

"पहिल्या दिवसापासून दर थांब्याला मी डबा उघडत होतो," तो म्हणाला. "उघडबंद करून तपासू या का, असं मीटिंगमध्ये विचारलं होतं. ते आपल्या scope मध्ये बसत नाही, म्हणालीस. आमच्याकडे प्रत्येक गावात झाडाखाली आया मुलं घेऊन बसलेल्या असतात. बंद डब्यातून लस कुणाला मिळते, उर्वी?"

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं." त्यानं हात चुलीवर धरले. "असाच एक भारी डबा घेऊन मी एका गावात लस टोचून आलो होतो. लस वाटेत गोठलेली, मला पत्ताच नाही. नंतर तिथं डांग्या खोकला आला, दोन बाळं गेली. आया म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही तर टोचलं होतं! तेव्हापासून त्या माझ्याकडे बघतात ना, तशीच तू आज सकाळपासून बघतेयस."

उर्वीला मान वर करवेना.

"आणि हो," चिकोंडी अपूर्वकडे वळला, "माझं नाव तुमच्या भाषेतही चिकोंडीच आहे. पाहुण्यांसमोर आम्हीपण आमच्या भाषेत असंच कुजबुजतो. तो सूर बरोब्बर ओळखू येतो!"

अपूर्वच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण गडी लगेच सावरला आणि उर्वीला मराठीत म्हणाला, "हे बघ, डबा नदीत पडला, तो अपघात. पहिल्या दोन दिवसांचे आकडे एकदम झकास आहेत. तेवढेच दाखवू. डबा पास! रबराचं नंतर बघू."

उर्वीनं चुलीकडे पाहिलं. तीन वर्षं, जून महिना, तिची नोकरी, सगळं एका होकारात वाचत होतं. तिला रडू फुटलं आणि तिनं ते फुटू दिलं.

"इंग्लिशमध्ये बोल, अपूर्व," ती नाक पुसत म्हणाली. "चिकोंडीला कळू दे, तू मला काय करायला सांगतोयस ते."

अपूर्व काही इंग्लिशमध्ये बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता दिसला तसा फोनलाही सिग्नल आला. उर्वीनं प्रकल्पाच्या प्रमुखबाईंना फोन लावला. "डबा नापास. नाही, नदीमुळे नाही. झाकणामुळे. जूनमध्ये पाठवू नका, प्लीज." पलीकडचं बोलणं तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला. "प्रकल्पाचं ठरवून कळवतील," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

गाडी यायला अवकाश होता. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीपाशी तिनं डबा खाली ठेवला, गुडघ्यावर बसून झाकण उघडलं आणि एक कुपी बाहेर काढली, जणू समोर झाडाखाली रांगच बसली होती.

"चला, पुढचं कोण?"

चिकोंडी आधी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं जॅकेटची बाही वर सारली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मला सुईची भीती वाटते हं," असं पुटपुटत अपूर्व त्याच्यामागे रांगेत लागला, आणि या खेपेला तो इंग्लिशमध्ये पुटपुटला.