द्वारपालाचं उत्तर

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्याच बाबतीत घडलेली, म्हणून दुसऱ्या कुणाचा हवाला देत बसत नाही. आधीच सांगतो, यात रात्र नाही, अंधार नाही. सकाळी अकराचा पेपर, तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली आणि बाहेर लख्ख ऊन.

मी निवृत्त कारकून. अक्षर बरं आहे, म्हणून अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक म्हणून परीक्षेला जातो. ते सांगतात, मी लिहितो. त्यांचा शब्द गाळायचा नाही, आपला घालायचा नाही. साहित्यातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि लेखनिकाला ते कळत नसलेलंच चांगलं.

त्या दिवशीची मुलगी चोवीस वर्षांची. इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. एका शाळेत शिक्षिकेची जागा तिच्यासाठी अडवून ठेवली होती, आणि ती या एकाच पेपरावर अडली होती.

"काका, अक्षर छान आहे म्हणे तुमचं. मी आपला विश्वास ठेवते," ती हसत म्हणाली.

मीही हसलो. नंबर लिहायला तिचं हॉलतिकीट हातात घेतलं...

वडिलांचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

तिचा बाप लिफ्टचा मेकॅनिक होता.

वीस वर्षांपूर्वी मी ज्या ऑफिसात होतो, तिथली लिफ्ट दुरुस्त करायला तो यायचा. लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरला की पान्याने लोखंडावर तीनदा ठोकायचा. टक. टक. टक. म्हणजे, मी खाली आहे, चालू करू नका.

त्या दिवशीही त्याने ठोकलं होतं. माझं टेबल लिफ्टला लागूनच होतं. मी ऐकलं. शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरनेही ऐकलं. पण वर पाहुणे खोळंबले होते. मॅनेजरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्विच ओढला.

पुढचं सांगवत नाही.

चौकशीत मी लिहून दिलं, 'मी काही ऐकले नाही.' तिथली नोकरी नवी होती, मॅनेजर समोरच बसला होता, मी सरळ कानावर हात ठेवले.

आणि आता त्याची मुलगी माझ्यासमोर बसली होती.

उठून जावं असं फार वाटलं. पण दुसरा लेखनिक नव्हता. मी गेलो असतो तर तिचं वर्ष गेलं असतं. बसून राहिलो.

पेपर एका जुन्या सूडनाटकावर होता. सरदाराचा खून होतो, त्याची मुलगी सूड घ्यायला निघते आणि शेवटी जवळजवळ सगळेच मरतात. तिसरा प्रश्न मी वाचून दाखवला. द्वारपालाच्या व्यक्तिरेखेचे परीक्षण करा, सूड या विषयसूत्राशी तिचा संबंध स्पष्ट करा.

"हा माझा आवडता," ती म्हणाली. "लिहा काका. द्वारपाल कुणाला मारत नाही. तो फक्त खून होताना पाहतो आणि गप्प राहतो. नाटकात सगळ्यांना शिक्षा होते, त्याला होत नाही. मला वाटतं, तीच त्याची शिक्षा आहे. त्याचा सूड घ्यायलाही कुणी येत नाही."

मी शब्द न् शब्द लिहीत होतो.

मग वरचा पंखा थांबला...

बाहेरची वर्दळही एकदम बंद झाल्यासारखी वाटली. मला ग्रीसचा वास आला. हातभर अंतरावर कुणीतरी तेलकट कपड्यात उभं असावं, तसा.

आणि पायाखालून...

टक.

टक.

टक.

त्या खोलीखाली तळघर नाही. फरशी आणि फरशीखाली माती.

मुलगी बोलायची थांबली. मान किंचित खाली झुकवली.

"काका, तुम्ही ऐकलं?"

"काय?"

"तीनदा ठोकल्यासारखं. आत्ताच."

खरं बोलायची ती वेळ होती. समोर कुणी मॅनेजर बसला नव्हता.

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणालो.

अगदी तेच शब्द. वीस वर्षांनी.

"पेपराव्यतिरिक्त बोलायचं नाही हं," पर्यवेक्षक बाई टेबलावरून म्हणाल्या. पंखा पुन्हा फिरू लागला. तिने तिसरं उत्तर तिथेच संपवलं, मी खाली रेघ मारली आणि चौथा प्रश्न घेतला. घंटा झाली तशी उत्तरपत्रिका बाईंकडे देऊन मी निघालो.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. नंबर लेखनिक पुरवणाऱ्या संस्थेकडून मिळवला होता.

"काका, पास झाले! शाळेत रुजूही झाले."

मला खरंच आनंद झाला. तसं म्हणालोही.

"उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. आईने काल सगळी वाचून दाखवली. पण तिसऱ्या उत्तराच्या रेघेखाली एक ओळ आहे. ती मी सांगितली नव्हती."

"कोणती ओळ?"

"'होय. मी ऐकले होते.'"

रेघेखाली मी काहीही लिहिलेलं नाही. मुलांची शपथ घेऊन सांगतो.

"अक्षर तुमचंच आहे, काका. आईने लगेच ओळखलं. बाबांच्या चौकशीतल्या तुमच्या जबाबाचा कागद तिने इतकी वर्षं जपून ठेवलाय. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले तिने." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. "आम्हाला भांडायचं नाही. आईला फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. रविवारी आलो तर चालेल?"

चालेल म्हणालो.

आज रविवार. मी चौथ्या मजल्यावर राहतो आणि वीस वर्षांत एकदाही लिफ्टने आलेलो नाही. काय बोलायचं ते ठरवलंय. मॅनेजरचं नाव, स्विच, सगळं. या वेळी गिळणार नाही.

आत्ता खालून लिफ्ट निघाल्याचा आवाज आला...

त्याआधी तीन ठोके पडले होते.

मी दार उघडून उभा आहे. यायच्या दोघीच आहेत. पण लिफ्टमधून किती जण उतरतील, ते मला सांगता येत नाही.